चर्चचं साउंड टेबल नव्या हातात देताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या चर्चमध्ये साउंड टेबलावर (माईकांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरवर) बसणारी पोरं फार दिवस टिकत नाहीत, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. डिप्लोमा झाला, इंजिनिअरिंग झालं की पुणे, गोवा नाहीतर बेंगळुरू. ज्याला कुठला माईक कुठे शिट्टी मारतो हे ठाऊक असतं, तो एका जूनमध्ये निघून जातो आणि टेबलावर नववीतली एक मुलगी बसते. म्हणून इथली सिस्टिम हुशार माणसाच्या भरवशावर लावायची नाही. चार फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) आणि एक म्यूटचं (आवाज बंद करायचं) बटण एवढंच कळलेल्या माणसाच्या हातूनही उपासना पार पडली पाहिजे, या हिशेबानं ती लावून ठेवायची. पुढचं सगळं त्या हिशेबानंच लिहिलंय.

क्रमही आधीच सांगतो: आवाज, मग वीज, मग पडद्यावरचे शब्द, मग दिवे, शेवटी कॅमेरा. बऱ्याच ठिकाणी पैसे उलट्या क्रमानं खर्च होतात. कॅमेरा नवा आणि माईकची केबल सेलोटेप लावलेली, असं चित्र असतं.

गेन शनिवारी, फेडर रविवारी

नवख्याला वाटतं, गेनचा नॉब आणि खालचा फेडर दोन्ही आवाजच वाढवतात, मग कुठलाही फिरवा. माईकमधून येणारा क्षीण सिग्नल मिक्सरला पुरेल एवढा मोठा करणं हे गेनचं काम. त्यातला किती बॉक्सकडे (स्पीकरकडे) सोडायचा हे फेडरचं. गेन शनिवारी निवांतपणे लावावा. फेडर शून्याच्या खुणेवर ठेवा, वाचन करणाऱ्याला उभं करा आणि उद्याचंच वचन उद्याच्याच आवाजात वाचायला सांगा. 'हॅलो, वन, टू, थ्री' वर लावलेला गेन फसवतो, कारण चाचणीला माणूस एकतर पुटपुटतो किंवा ओरडतो. डिजिटल मिक्सरवर मीटर उणे १८ डीबीच्या (डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) आसपास खेळला आणि जोर दिल्यावर उणे १२ ला टेकला की थांबा. ॲनालॉगवर शून्याच्या आजूबाजूला. लाल दिवा लागताच कामा नये. मग नॉबच्या जागेवर रंगीत टेपचा बारीक बाण चिकटवा. रविवारी त्या नॉबला हात नाही.

याची दोन कारणं आहेत. गेन जास्त ठेवून फेडर पार तळाशी ओढला, की तिथे केसभर सरकवलं तरी आवाज धाडकन बदलतो. शून्याजवळ तेवढ्याच सरकण्यानं जेमतेम फरक पडतो. नवख्याच्या हाताला शून्याजवळची जागाच सोसते. दुसरं असं, की गेन हलवला की कॉयरचा मॉनिटर (गाणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला बॉक्स) आणि लाइव्हला जाणारा आवाज हे दोन्हीही त्याच्याबरोबर हलतात. टेबलावर बसलेल्याला ते ऐकू येत नाही. घरी मोबाइलवर बघणाऱ्याला मात्र ऐकू येतं.

आपल्या भागात आणखी एक अडचण असते. एकाच इमारतीत सकाळी मराठी उपासना, मग कन्नड किंवा इंग्रजी, कुठे कोंकणी मिस्सा. दर वेळी टेबलावर दुसरी टीम आणि दुसरे हात. डिजिटल मिक्सर असेल तर प्रत्येक उपासनेचा वेगळा सीन (सगळ्या नॉब-फेडरांची मांडणी) सेव्ह करा आणि बसल्याबसल्या पहिल्यांदा तो उघडा. ॲनालॉग असेल तर नीट लावलेल्या नॉबांचा सरळ वरून एक फोटो काढा, छापा आणि टेबलावर चिकटवा. फोनमध्ये ठेवलेला फोटो त्या फोनबरोबर पुण्याला जातो.

प्रत्येक बोलण्याच्या माईकला हाय-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचा जाड आवाज अडवणारा) चालू हवा: पुरुषांना ८० ते १०० हर्ट्झ, बायका आणि मुलांना १२० पर्यंत चालतो. लाकडी पुलपिटावर हात आपटल्याची धडधड, पंख्याचा वारा, पायांचा आवाज यातला बराचसा तिथेच गळतो.

शिट्टी का मारतं

बॉक्समधला आवाज माईकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी शिट्टी आली की पहिला हात मास्टरकडे (सगळा एकत्र आवाज ठरवणाऱ्या फेडरकडे) जातो आणि मागच्या बाकांवर ऐकू येणं बंद होतं. त्याऐवजी तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली, अंतर. तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डीबीनं पडतो. वाचक १५ सेंटिमीटरवरून ३० वर सरकला तर टेबलावरच्या पोरानं ६ डीबी वाढवायचे, आणि बहुतेक चर्चमध्ये शिट्टीच्या आधी तेवढी जागाच शिल्लक नसते. वाचकाला 'माईकपासून एक वीत' एवढं शिकवलं की इक्वलायझरचं (आवाजाचे जाड-बारीक पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या साधनाचं) निम्मं काम वाचतं.

दुसरी, उघडे माईक. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची जागा ३ डीबीनं कमी होते. एकाऐवजी आठ उघडे म्हणजे ९ डीबी गेले. प्रवचन चालू असताना कॉयरचे चार, वेदीवरचा एक आणि ढोलकीचे दोन माईक उघडे ठेवण्यात काही अर्थ नाही. मिक्सरवर म्यूट ग्रुप (एका बटणानं अनेक माईक बंद करायची सोय) असतील तर दोनच करा, 'गायन' आणि 'वाद्यं', आणि त्या बटणांवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये ऑटोमिक्स (न बोलणाऱ्याचा माईक आपोआप खाली आणणारी सोय) असतं. ते फक्त बोलण्याच्या माईकांना लावा, गाण्याला नको.

तिसरी, जागा. बॉक्स माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून. खांबामागे जागा नाही म्हणून वेदीच्या मागच्या भिंतीवर टांगलेले बॉक्स ही आपल्याकडची सगळ्यात जुनी चूक आहे. कुठलाही इक्वलायझर ती दुरुस्त करत नाही.

हे तिन्ही झालं की इक्वलायझर. रिकाम्या चर्चमध्ये पुलपिटचा माईक उघडा, हळूहळू वाढवत न्या. पहिली शिट्टी आली की फोनवरच्या मोफत स्पेक्ट्रम ॲपमध्ये कुठला काटा उभा राहिला ते बघा आणि ग्राफिक इक्वलायझरवर तेवढाच पट्टा ३ ते ६ डीबी खाली घ्या. घुमल्यासारखा आवाज बहुधा २५० ते ५०० हर्ट्झमध्ये सापडतो, कानाला टोचणारी शिट्टी २ ते ४ हजारांत. असं तीन-चार वेळा करा, मग मास्टर ६ डीबी खाली आणून तिथे खूण करा. सहा-सात पट्टे कापूनही शिट्टी येतच असेल तर माईकची किंवा बॉक्सची जागा चुकलीय. आणखी कापलंत तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होईल.

कॉयरला माईक जितके जास्त तितकं वाईट. बारा-पंधरा जणांना दोन कंडेन्सर माईक (लांबूनही आवाज नीट पकडणारे) पुरतात, पहिल्या ओळीपासून पाऊण ते एक मीटर पुढे आणि डोक्यापेक्षा थोडे वर. दोन माईकांमधलं अंतर गाणाऱ्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट तरी ठेवा, नाहीतर एकच आवाज दोन माईकांत मागेपुढे पोचतो आणि पोकळ होतो. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम (मिक्सरकडून केबलमधूनच माईकला जाणारी वीज) लागते. ती चालू असताना चॅनल म्यूट केल्याशिवाय केबल काढू-घालू नये. तो फट्ट आवाज कानाइतकाच बॉक्सच्या ट्विटरलाही (बारीक आवाजाच्या स्पीकरलाही) झोंबतो. चालू-बंद करायचा क्रमही याचसाठी: ॲम्प्लिफायर आणि पॉवर्ड बॉक्स (आतच ॲम्प्लिफायर असलेले) सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद.

वाद्यांचं थोडक्यात. पेटीला माईक भात्याच्या विरुद्ध बाजूनं, सुरांच्या वर २० ते ३० सेंटिमीटरवर. कीबोर्डला एकच केबल असेल तर ती 'लेफ्ट/मोनो' लिहिलेल्या भोकात. उजव्यात घातली तर बहुतेक कीबोर्डांचा निम्मा आवाज येतो. आणि फोनवरून ट्रॅक वाजवताना संगीत येतं पण गायक गायब, ही तक्रार जिथे तिथे असते. कारण ठरलेलं: दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली केबल मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातलेली असते. मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो, आणि गायक दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे शून्य होतो. एका टोकाला बारीक स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली केबल घ्या, दोन चॅनल वापरा.

वायरलेस माईकमध्ये दर रविवारी नवे सेल. 'अजून दोन रेघा आहेत' यावर विश्वास ठेवायचा नाही. रीचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो आणि शेवटपर्यंत जवळपास तेवढाच राहून मग एकदम कोसळतो, त्यामुळे रेघा खोटं बोलतात. फार जुने सेट ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात तो पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल कंपनीकडे गेला. मध्येच खरखर, मध्येच चिडीचूप असं होत असेल तर सेटच्या मागची फ्रिक्वेन्सी वाचा. स्वस्तातले २.४ गिगाहर्ट्झचे सेट वायफायशी भांडतात. चर्च भरल्यावर प्रत्येक खिशात एक फोन असतो, म्हणून शनिवारी चाललेला माईक रविवारी अडखळतो.

दगडी भिंती आणि पत्र्यावरचा पाऊस

कॅम्पातल्या सेंट मेरीजसारख्या उंच छताच्या दगडी चर्चमध्ये आवाज कमी नसतो, तो रेंगाळतो. मागे ऐकू येत नाही म्हणून पुढचे बॉक्स वाढवले की रेंगाळणंही वाढतं आणि शब्द आणखी विरघळतात. उपाय म्हणजे मागच्या निम्म्या भागात खांबांवर छोटे कॉलम स्पीकर, कानाच्या जरा वर, लोकांकडे थोडे झुकवलेले आणि अगदी हळू. त्यांना डिले द्यावा लागतो, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडावा लागतो. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. पुढच्या बॉक्सपासून मागचा कॉलम १५ मीटरवर असेल तर ४५, वर आणखी १० ते १५. मग मागच्या माणसाला पाळक पुढूनच बोलतायत असं वाटतं. रिकाम्या चर्चमध्ये लावलेला आवाज भरल्यावर वेगळा होतो, कारण माणसं आणि कपडे आवाज शोषतात. शनिवारी थोडं घुमलं तर लगेच कापाकापी करू नका.

जुन्या चर्चमध्ये बऱ्याचदा १०० व्होल्ट लाइनचा (लांब तारेवर बरेच स्पीकर चालवणारा) ॲम्प्लिफायर असतो. प्रत्येक स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरवर निवडलेले वॉट मोजा. बेरीज ॲम्प्लिफायरच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा. ट्रान्सफॉर्मर नसलेला ८ ओहमचा बॉक्स १०० व्होल्टच्या टर्मिनलला जोडला की तो जळतो. टर्मिनलवर लाल टेप लावा आणि 'फक्त कॉलम' असं लिहा.

जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की मास्टर वाढवून उपयोग नाही. पाऊस सगळ्या पट्ट्यांत एकदम वाजतो आणि शिट्टी आधी येते. माईक तोंडाजवळ आणा, शक्यतो हेडसेट घाला, २ ते ४ हजारांच्या पट्ट्यात २-३ डीबी चढवा म्हणजे व्यंजनं उमटतात, आणि पाळकांना सावकाश बोलायला सांगा. पाऊस अगदीच कोसळला तर एक गीत जास्त घ्यावं. ते गीत आधीच ठरवून स्लाइडच्या यादीत तयार ठेवा.

जून ते सप्टेंबर कंडेन्सर माईक ओलाव्यानं चुरचुरतात आणि कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं, पण पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलायच्या. तांदूळ नको, त्याची भुकटी जाळीत जाते.

वीज

घूं असा सततचा आवाज म्हणजे बहुतेक वेळा अर्थिंगचं दुखणं. मिक्सर एका बोर्डावर, गिटारचा ॲम्प दुसऱ्या भिंतीतल्या बोर्डावर, प्रोजेक्टर तिसऱ्या फेजवर, असं असलं की अर्थिंगची वेगवेगळी टोकं केबलमधून एकमेकांना भेटतात. सगळं साउंड एकाच बोर्डावरून घ्या, दिवे दुसऱ्या फेजवर टाका. गिटार धरून माईकला ओठ लावल्यावर झिणझिण्या आल्या तर उपासना थांबवून बघण्यासारखी ती गोष्ट आहे. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. नसतील तर परवानाधारक वायरमन बोलवा आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. घूं घालवायला प्लगची अर्थची पिन काढणारे 'जाणकार' प्रत्येक गावात आहेत. त्यांना टेबलाजवळ फिरकू देऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घूं थांबत असेल तर मध्ये आयसोलेशनवाला डीआय बॉक्स (दोन्ही बाजूंचा विजेचा संबंध तोडून फक्त आवाज पुढे देणारी डबी) घाला, काम संपलं.

लाईट गेल्यावर घरगुती इन्व्हर्टर येईपर्यंतच्या क्षणात डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तोवर चर्च शांत. मिक्सर, लॅपटॉप आणि राउटर यांच्यासाठी छोटा यूपीएस वेगळा ठेवा. ॲम्प्लिफायर त्यावर घालू नका. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर बॉक्समध्ये किरकिर येते, त्यामुळे घेताना साइन वेव्हच घ्यावा. वळवाच्या दिवसांत उपासना संपली की प्लग काढून ठेवा, राउटरची वायरसुद्धा. विजेचा लोळ फक्त मेन्समधूनच येतो असं नाही.

पडद्यावरचे शब्द

मराठी गीतांच्या फायली अजूनही जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या सापडतात. दुसऱ्या लॅपटॉपवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. एकदाच बसून सगळं युनिकोडमध्ये आणा. कन्नड गीतांनाही हेच लागू. फॉन्ट 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' ठेवा आणि 'दऱ्या', 'क्षमा', 'ख्रिस्त' हे शब्द तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट जुळतात का ते आधी बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. ओपनएलपी हे गीतं पडद्यावर दाखवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या कामाला पुरतं.

एका स्लाइडवर चार ओळी, जास्त नाही. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींतलं अंतर अक्षराच्या १.३ ते १.४ पट ठेवा. मराठी आणि कन्नड एकत्र दाखवायचं असेल तर दोन ओळी ही, दोन ओळी ती. कन्नडला वेगळा रंग द्या. स्लाइड ओळ संपल्यावर बदलू नका. शेवटचा शब्द सुरू झाला की बदला, कारण लोक पुढची ओळ श्वास घेतानाच वाचतात. स्लाइडवाल्यानं स्वतः गायला हवं. न गाणारा नेहमी उशीर करतो.

दिवे आणि कॅमेरा

रंगीत पार लाईट (स्टेजवरचे गोल दिवे) लग्नाच्या मंडपात शोभतात. चेहऱ्याला उबदार पांढरा एलईडी हवा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वर, दोन बाजूंनी साधारण ४५ अंशांतून आणि तितकाच वरून. वेदीमागे काचेची खिडकी असेल तर सकाळच्या उजेडात फादर नुसते काळी आकृती दिसतात. समोरचा दिवा वाढवा नाहीतर कॅमेरा कडेला न्या. पांढऱ्या झग्यामुळे ऑटो एक्स्पोजर चेहरा काळा करतं, तेव्हा एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हातानं लावून लॉक करा. टांगलेल्या प्रत्येक दिव्याला दुसरी, लोखंडी सेफ्टी वायर हवीच.

कॅमेऱ्यात आधी ५० हर्ट्झ किंवा पाल (PAL) निवडा. २५ फ्रेम, शटर १/५०. नाहीतर ट्यूबलाईटखाली पट्टे सरकतात. साधी एचडीएमआय केबल १० मीटरच्या पुढे बेभरवशाची होते. लांब न्यायचं तर एसडीआय (चित्र लांब नेणारी पद्धत) कन्व्हर्टर आणि ७५ ओहमची आरजी-६ केबल. हाताशी माणूस कमी असेल तर कॅमेरा स्टँडवर पक्का करून पुलपिट आणि वेदी दोन्ही येतील असा ठेवा आणि विसरा. हलणाऱ्या नवख्या हातापेक्षा तो बरा.

लाइव्हला हॉलचा मास्टर पाठवणं ही हमखास चूक. हॉलमध्ये कॉयर आणि ढोलकी मुळातच ऐकू येतात म्हणून टेबलावर ती कमी असतात. घरी मग नुसते पाळक आणि मागे कुजबुज. एक ऑक्स (मिक्सरमधली मास्टरपासून वेगळी वाट) वेगळा काढा, हेडफोन लावून त्याचं मिश्रण करा, आणि लोकांकडे तोंड करून दोन माईक लावा जे फक्त लाइव्हला जातील, बॉक्सला नाही. मंडळीचं गाणं त्यातूनच ऐकू येतं. ओबीएसमध्ये (लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ७२० पी, ३००० केबीपीएस, कीफ्रेम २ सेकंद, आवाज ४८ किलोहर्ट्झ. अपलोडचा वेग त्याच्या दुप्पट हवा, आणि तो रविवारी उपासनेच्या वेळीच मोजा. चित्र कॅप्चर कार्डातून (कॅमेरा लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीतून) उशिरा येतं, म्हणून कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा, फरक मोजा आणि तेवढे मिलिसेकंद आवाजाला द्या.

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं सादर करायला सूट आहे. यूट्यूबच्या यंत्राला ते कळत नाही. वाजवलेला ट्रॅक ते लगेच ओळखतं. लाइव्हमध्ये कॉयरनं गायलेलंच घ्या, ट्रॅक असेल तेव्हा तो चॅनल ऑक्समधून काढा. आजारी माणसांची नावं घेऊन प्रार्थना चालू असताना लाइव्हचा आवाज बंद करायचा की नाही, हे पाळकांशी आधी ठरवा.

कोण बसणार

एकाला सगळं शिकवायला गेलं की तो महिन्यात पळतो. नव्या मुलाला पहिले दोन महिने फक्त माईक आणि सेल: काढणं, लावणं, पुसणं, केबल आठच्या आकारात गुंडाळणं. मग स्लाइड. मग टेबल, तेही जुन्याच्या शेजारी बसून. महिन्यातले दोन रविवार काम, दोन रविवार बाकावर कुटुंबाबरोबर. टेबलावर एक कागद असावा, 'आवाज येत नाही' या मथळ्याचा: म्यूट, फेडर, सेल, फँटम, केबल, याच क्रमानं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईत तीन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

नाताळला मैदानात कार्यक्रम असेल तर भाड्याचं साउंड येतंच. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीमुळे आणि गणेशोत्सवामुळे साउंडवाल्यांची कमी नाही, पण त्यांचा हात बासवर पडतो. आधीच सांगा: सबवूफर निम्मे, बोलण्याचे दोन माईक आणि कॉयरला चार, आणि मिक्सरवर तुमचा माणूस शेजारी. परवानगी पोलिसांकडून लेखी घ्या. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद; राज्य सरकार सणासुदीला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. १० नंतरचा (सवलत असेल तर १२ नंतरचा) भाग चर्चच्या आत घ्या, दारं लावून, बाहेरचे बॉक्स प्लगमधून काढून.